रेंडर चॅनेल सेव्ह करण्याआधी एक प्रश्न: हे चित्र आहे की आकडा?

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एखाद्या बंगल्याचं थ्रीडी दृश्य करून बिल्डरला व्हॉट्सॲपवर पाठवलं, की दुसऱ्या दिवशी फोन येणार हे या धंद्यात ठरलेलं. "बाकी झकास झालंय ओ, फक्त पोर्चमधला दिवा जरा कमी करा, आणि समोरची भिंत तेवढी फिकी घ्या." मागणी दोन ओळींची असते. पण रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने मॉडेलवरून चित्र काढण्याचं काम, पुन्हा लावायचं तर अख्खी रात्र जाते, आणि मधेच लाईट गेली तर दुसरीही जाते.

यावरचा उपाय बहुतेकांनी ऐकलेला असतो. रेंडर करताना सॉफ्टवेअर प्रकाश, रंग, चमक, अंतर असं बरंच काही वेगवेगळं मोजतं आणि शेवटी सगळं मिसळून एक चित्र देतं. मिसळण्याआधीचे हे भाग वेगळे जपून ठेवले, की त्यांना म्हणायचं रेंडर चॅनेल. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये त्याला पास म्हणतात; व्ही-रे आणि अर्नोल्ड या रेंडररमध्ये, म्हणजे रेंडर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अनुक्रमे रेंडर एलिमेंट आणि एओव्ही. हे भाग हाताशी असले की दिवा कमी करणं हे कॉम्पोझिटिंगमधलं, म्हणजे रेंडरनंतर हे भाग जोडून चित्र सुधारण्याच्या टप्प्यातलं, पाच मिनिटांचं काम होतं.

इथपर्यंत सगळे व्हिडिओ सांगतात. अडचण त्यापुढे येते. चॅनेलवर टिक मारली, रेंडर झाला, फोल्डर गच्च भरलं. आणि कॉम्पोझिटिंगला बसल्यावर कळतं की अंतराचं चॅनेल पायऱ्या-पायऱ्यांचं आलंय, मास्कच्या, म्हणजे चित्रातला एकच भाग निवडून देणाऱ्या आकाराच्या, कडा दातेरी आहेत, आणि सगळ्या भागांची बेरीज केली तर मूळ चित्र परत येतच नाही. अशा वेळी चॅनेल बहुधा बरोबरच निवडलेले असतात. गडबड असते ती आउटपुटमध्ये: फॉरमॅट, बिट डेप्थ (आकडे किती बारीक साठवायचे), कलर स्पेस (रंगाचे आकडे कुठल्या पद्धतीने लिहायचे) आणि कॉम्प्रेशन (फाइल किती आवळायची). आपण काय करतो, सगळ्या चॅनेलना सरसकट एकच सेटिंग लावून मोकळे होतो.

म्हणून प्रत्येक चॅनेलसाठी आधी एकच प्रश्न विचारायचा. हे माणसाने डोळ्यांनी बघायचं चित्र आहे, की कॉम्प्युटरने वाचायचा आकडा? उत्तर मिळालं की बाकीची बटणं जवळजवळ आपोआप ठरतात.

सांगलीकराला हा फरक नव्याने शिकवायची गरज नाही. पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचे फोटो ग्रुपवर फिरतात, आणि त्याच ग्रुपवर "आयर्विनला किती फूट?" हाही प्रश्न फिरतो. फोटो कुणी जरा उजळ केला, कुणी गडद केला, काही बिघडत नाही. आकड्याचं तसं नाही. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. तिथे छान दिसावं म्हणून आकडा वरखाली करून चालत नाही. आणि पट्टीवर दहा-दहा फुटांच्याच खुणा असत्या, तर ४१ आणि ४९ यांत फरकच कळला नसता. रेंडरमधल्या अर्ध्या चॅनेलना हाच नियम लागतो, आणि आपण त्यांना फोटोसारखं वागवतो.

प्रकाशाचे चॅनेल

चित्राच्या बाजूला येतात ते प्रकाशाचे चॅनेल. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररमध्ये पृष्ठभागाचे तीन गट असतात: डिफ्यूज, म्हणजे भिंतीसारख्या मॅट पृष्ठभागावरून पसरणारा प्रकाश, ग्लॉसी, म्हणजे चकाकी आणि प्रतिबिंब, आणि ट्रान्समिशन, म्हणजे काचेतून आरपार येणारा. प्रत्येक गटात पुन्हा तीन भाग. डायरेक्ट म्हणजे दिव्यातून थेट पडलेला प्रकाश, इनडायरेक्ट म्हणजे इकडेतिकडे आपटून आलेला, आणि कलर म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा रंग. याशिवाय धुकं-धुरासाठी व्हॉल्यूम, स्वतः उजळणाऱ्या वस्तूंसाठी एमिशन आणि आकाशासाठी एन्व्हायर्नमेंट.

यांचं गणित सरळ आहे. डिफ्यूजचा डायरेक्ट आणि इनडायरेक्ट यांची बेरीज करायची आणि तिला डिफ्यूज कलरने गुणायचं. ग्लॉसीचं तसंच, ट्रान्समिशनचं तसंच. मग या तीन उत्तरांत व्हॉल्यूमचे दोन्ही भाग, एमिशन आणि एन्व्हायर्नमेंट मिळवले की कम्बाइन्ड, म्हणजे अखेरचं चित्र, तयार. व्ही-रेमध्ये नावं निराळी आहेत, पण विचार तोच: रॉ लाइटिंगला डिफ्यूज फिल्टरने गुणलं की लाइटिंग मिळतं, मग आपटून आलेला प्रकाश, रिफ्लेक्शन, रिफ्रॅक्शन, स्पेक्युलर वगैरे त्यात मिळवत जायचं.

भिंत फिकी करायची म्हणजे या गणितातला फक्त डिफ्यूज कलर त्या भिंतीपुरता बदलायचा. सावल्या आणि उजेड जागच्या जागी राहतात, म्हणून बदल खरा वाटतो. एक मर्यादा मात्र आहे. गडद भिंतीवरून शेजारच्या फरशीवर जी रंगाची छटा पडली, ती इनडायरेक्टमध्ये मुरलेली असते आणि तशीच राहते. फिक्या पिवळ्याचा पांढरा केला तर कुणाला कळत नाही. विटकरी लाल भिंत पांढरी करायची असेल तर मुकाट्याने पुन्हा रेंडर लावावा.

दिव्याचं काम मात्र या चॅनेलनी नीट होत नाही, कारण डायरेक्टमध्ये सगळे दिवे एकत्र असतात. त्यासाठी लाइट ग्रुप वापरायचे. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये ते ३.२ या आवृत्तीपासून आहेत. पोर्चचे दिवे एका गटात, आतल्या खोल्यांचे दुसऱ्यात, आकाश तिसऱ्यात. प्रत्येक गटाचं स्वतंत्र चित्र निघतं, आणि नुसती बेरीज केली की पूर्ण चित्र होतं. व्ही-रेमध्ये याच कामाला लाइट सिलेक्ट आणि लाइट मिक्स आहे. इमारतींची दृश्यं करणाऱ्याला मी तर म्हणेन, बाकी चॅनेल नाही घेतले तरी चालतील, संध्याकाळच्या दृश्यात लाइट ग्रुप आधी घ्या. गिऱ्हाइकाचे निम्मे फोन दिव्यांबद्दलच असतात.

आकड्यांचे चॅनेल

दुसऱ्या बाजूला झेड, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर. पोझिशन, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा दृश्यातला पत्ता. नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते. व्हेक्टर, म्हणजे वस्तू पुढच्या फ्रेममध्ये किती सरकली. यूव्ही, म्हणजे टेक्स्चर पृष्ठभागावर कुठे बसतं ते. ऑब्जेक्ट इंडेक्स आणि मटेरियल इंडेक्स, म्हणजे वस्तूंना आणि मटेरियलना दिलेले नंबर. आणि वस्तूंचे मास्क काढून देणारा क्रिप्टोमॅट, ज्याबद्दल पुढे येईलच, तोही याच घरातला.

हे चॅनेल स्क्रीनवर उघडले की विचित्र दिसतात. झेड सगळा पांढराफटक, नॉर्मल निळा-जांभळा, क्रिप्टोमॅट म्हणजे रंगांचा नुसता शिमगा. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो, काहीतरी बिघडलंय. मग तो लेव्हल्स ओढून झेड "नीट दिसेल" असा करतो आणि तसाच सेव्ह करतो. तिथे आकडा गेला. झेडमध्ये ८ मीटर अंतर असेल तर तिथली किंमत ८ असते, आणि स्क्रीनवर १ च्या वरचं सगळं पांढरंच दिसतं. पांढरं दिसणं ही झेडची तब्येत ठणठणीत असल्याची खूण आहे.

बिट डेप्थ: पट्टीवर खुणा किती

८ बिट म्हणजे प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या. १६ बिट पूर्णांक म्हणजे ६५,५३६. या दोन्हींत एक गोष्ट समान आहे: सर्वांत उजळ पांढऱ्याच्या वर काही मावत नाही. दिव्याच्या काचेची किंमत ४० असेल आणि पांढऱ्या भिंतीची ०.९ असेल, तर ८ बिटमध्ये दिवा १ वर कापला जातो. पुढे चित्राचा उजेड निम्मा केला की खरा दिवा २० वर यायला हवा, म्हणजे अजून लखलखीतच. कापलेला दिवा ०.५ वर येतो आणि राखाडी दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, "दिवा विझल्यासारखा वाटतोय." बरोबरच बोलतोय तो.

म्हणून फ्लोट. फ्लोटमध्ये दशांश चिन्ह सरकतं, त्यामुळे अगदी लहान आणि खूप मोठ्या किमती एकाच फाइलमध्ये बसतात. याचे दोन प्रकार सेटिंगमध्ये दिसतात: हाफ म्हणजे १६ बिट आणि फुल म्हणजे ३२ बिट.

हाफमध्ये सर्वांत मोठी किंमत ६५,५०४. आणि किंमत दुप्पट होईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यात १,०२४ पायऱ्या: १ ते २ मध्ये तेवढ्या, २ ते ४ मध्ये तेवढ्याच, ४ ते ८ मध्येही तेवढ्याच. डोळ्याला हे चांगलं मानवतं, कारण उजेडात बारीक फरक आपल्याला तसेही कळत नाहीत. प्रकाशाच्या चॅनेलसाठी हाफ भरपूर झाला. तिथे फुल लावून डिस्क भरण्यात अर्थ नाही.

अंतरासाठी मात्र हाच हाफ नडतो. दृश्य मीटरमध्ये असेल तर दीड मीटरवर हाफची एक पायरी साधारण १ मिलिमीटरची असते. १०० मीटरवर ती ६ सेंटिमीटरची होते आणि ३०० मीटरवर २५ सेंटिमीटरची. म्हणजे दूरच्या कुंपणाचे गज आणि त्यांच्या मागची झाडं एकाच अंतरावर यायला लागतात. त्याहून मजा थ्रीडीएस मॅक्समध्ये मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्यांची. १०० मीटर म्हणजे १,००,००० मिलिमीटर, आणि हाफची कमाल ६५,५०४. साडेपासष्ट मीटरच्या पलीकडचा सगळा परिसर हाफच्या हिशेबी एकाच जागी जातो. आकाशाचं तर बोलायलाच नको. जिथे काही वस्तूच नाही तिथे रेंडरर झेडमध्ये प्रचंड मोठा आकडा भरून ठेवतात. झेड, पोझिशन आणि क्रिप्टोमॅट यांना फुल. यात कंजुषी नको.

काहीजण झेडऐवजी ० ते १ मध्ये बसवलेलं अंतर घेतात. ब्लेंडरमध्ये त्याला मिस्ट म्हणतात. व्ही-रेच्या झेड-डेप्थमध्ये किमान-कमाल अंतर देऊन तसंच करता येतं. नुसतं लांबच्या इमारतींवर धुरकट हवा दाखवायची असेल तर मिस्ट सोपा, आणि त्याला हाफ पुरतो. पण हाच प्रकार ८ बिट पीएनजीमध्ये ठेवला, तर ३०० मीटरचं अंतर २५६ पायऱ्यांत वाटलं जातं आणि एक पायरी सव्वा मीटरच्या आसपास येते. धुकं मग पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. व्ही-रेमध्ये क्लॅम्प नावाची टिक असते. ती चालू ठेवली की दिलेल्या मर्यादेबाहेरची अंतरं कापली जातात. खरं अंतर हवं असेल तर ती काढा.

रंगाचं गणित कुठल्या जागेत

हा भाग सगळ्यांत जास्त गोंधळ घालतो, म्हणून इथे जरा थांबू.

रेंडरर हिशेब करतो तो लिनियरमध्ये: प्रकाश दुप्पट तर आकडा दुप्पट. स्क्रीनला पाठवताना मात्र हा आकडा वाकवला जातो, कारण अंधाऱ्या छटांना जास्त जागा हवी असते. लिनियरमधला ०.१८ हा मधला करडा, नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीने वाकवल्यावर ८ बिटमध्ये ११८ च्या आसपास येतो. लिनियरमधला ०.५ जातो १८८ वर. म्हणजे स्क्रीनवरच्या आकड्यांत "निम्मा" हा शब्द निम्मा उरत नाही.

आता वरचं गणित आठवा: बेरजा आणि गुणाकार. ते फक्त लिनियरमध्ये बरोबर येतं. प्रत्येक चॅनेल पीएनजीमध्ये सेव्ह केला तर प्रत्येक जण आधीच वाकवलेला असतो, आणि वाकवलेल्यांची बेरीज म्हणजे मूळ चित्र नव्हे. ब्लेंडरमध्ये तर आणखी एक थर असतो. व्ह्यू ट्रान्सफॉर्म (लिनियर आकडे स्क्रीनवर कसे दिसावेत ते ठरवणारा), जो ४.० पासून मुळातच एजीएक्स असतो आणि त्याआधी फिल्मिक होता, तो पीएनजी-जेपेगमध्ये मुरवला जातो. ओपनईएक्सआर (थोडक्यात ईएक्सआर) या फाइल फॉरमॅटमध्ये तो लागत नाही, तिथे लिनियर आकडेच जातात.

यामुळेच एक तक्रार नेहमी ऐकू येते: "रेंडर विंडोत मस्त दिसत होतं, ईएक्सआर दुसरीकडे उघडली तर भडक झाली." फाइल ठीक आहे. दुसऱ्या सॉफ्टवेअरला एजीएक्स लावायचा हे माहीत नाही, एवढंच. कॉम्पोझिटिंग पूर्ण होईपर्यंत लिनियरमध्ये राहायचं आणि शेवटच्या जेपेगच्या वेळी व्ह्यू ट्रान्सफॉर्म लावायचा.

आकड्यांच्या चॅनेलना तर कुठलाच कलर स्पेस लावायचा नाही. आयात करताना नॉन-कलर, रॉ किंवा डेटा, जे काही नाव असेल ते निवडा. एखाद्या किमतीत ०.५ असेल आणि सॉफ्टवेअरने तिला एसआरजीबी समजून सरळ केलं, तर ती ०.२१४ होते. नॉर्मलच्या बाबतीत याचा अर्थ पृष्ठभागाचं तोंडच फिरलं. शिवाय नॉर्मलमध्ये उणे १ ते अधिक १ अशा किमती असतात, आणि उणे किमती पीएनजीत मावत नाहीत. ब्लेंडरच्या फाइल आउटपुट नोडमध्ये "सेव्ह ॲज रेंडर" नावाची टिक असते. ती चालू ठेवून नॉर्मल पीएनजीत काढला, की दिशादर्शक आकड्यांवरही एजीएक्सचा हात फिरतो. ते चित्र दिसायला गोड असतं, कामाचं नसतं.

कडा आणि सरासरी

दिसणाऱ्या चित्रात कडा मऊ हव्यात, म्हणून रेंडरर एकेका ठिपक्यात अनेक नमुने घेऊन सरासरी काढतो. बंगल्याच्या पांढऱ्या पॅरापेटची (गच्चीच्या कठड्याची) कड आणि मागचं निळं आकाश, यांची सरासरी फिकट निळी. छान.

अंतराची सरासरी काढली तर? पॅरापेट ८ मीटरवर आणि मागची टेकडी ३०० मीटरवर. सरासरी १५४ मीटर. तिथे दृश्यात काहीच नाही. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे एका अंतरावरचं स्पष्ट आणि बाकीचं धूसर दाखवणारा परिणाम, लावल्यावर इमारतीच्या कडेभोवती जी विचित्र किनार दिसते, ती या न असलेल्या १५४ मीटरची. म्हणून सायकल्समध्ये झेडला मऊ कडा नसतातच. अर्नोल्डमध्ये त्याला क्लोजेस्ट फिल्टर लावतात, म्हणजे सरासरी न काढता सगळ्यांत जवळचा नमुना घ्यायचा. व्ही-रेच्या झेड-डेप्थमध्ये फिल्टरिंगची टिक काढायची. झेडच्या कडा दातेरी दिसल्या तर घाबरू नका, त्या तशाच असायला हव्यात. मिस्टच्या कडा मात्र मऊ येतात, कारण तो बघण्यासाठीच केलेला असतो.

ऑब्जेक्ट इंडेक्सचीही हीच गत. ३ नंबरची खिडकी आणि ७ नंबरची भिंत यांची सरासरी ५, आणि ५ नंबर असतो अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा. तेव्हा सरासरी नको, आणि सरासरी नको म्हटलं की मास्कची कड दातेरी.

या कोंडीतून वाट काढली क्रिप्टोमॅटने. सायॉप या स्टुडिओतल्या जोना फ्रीडमन आणि अँड्र्यू जोन्स यांनी ही पद्धत २०१५ च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत मांडली. यात वस्तूच्या नावावरून एक ओळखक्रमांक तयार होतो, आणि प्रत्येक ठिपक्यासाठी "कोणती वस्तू आणि तिने किती जागा व्यापली" अशा जोड्या साठवल्या जातात. कडेच्या ठिपक्यात भिंत ६० टक्के आणि आकाश ४० टक्के, असं ते सरळ लिहूनच ठेवतं. त्यामुळे कड मऊही राहते आणि नंबरांची खिचडीही होत नाही. नेहमीच्या ६ पातळ्यांसाठी चार-चार वाहिन्यांचे तीन थर लागतात.

पण तो ओळखक्रमांक ३२ बिटच्या आकड्यात कोंबलेला असतो आणि त्यातला एकेक बिट महत्त्वाचा. हाफमध्ये सेव्ह केला, किंवा माहिती थोडी गाळणारं कॉम्प्रेशन लावलं, की मास्क निवडायला क्लिक करावं आणि हाती काहीच लागू नये, असं होतं. भिंत फिकी करायची मागणी येणारच आहे हे धरून चाला, आणि क्रिप्टोमॅट फुल फ्लोटमध्येच ठेवा.

पेटी कुठली आणि किती आवळायची

आतापर्यंतच्या सगळ्या अटी पुरवणारा फॉरमॅट म्हणजे ओपनईएक्सआर. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीने तो स्वतःच्या चित्रपटांच्या कामासाठी बनवला आणि २००३ मध्ये सगळ्यांना मोकळा केला. हाफ, फुल, उणे किमती, कितीही चॅनेल, सगळं एकाच फाइलमध्ये. जेपेगला इथे जागा नाही. पीएनजी अखेरचं चित्र द्यायला उत्तम, चॅनेलसाठी नाही.

ईएक्सआरमध्ये कॉम्प्रेशनची यादी मोठी असते, पण लक्षात ठेवायच्या दोनच गोष्टी. झिप आणि पिझ माहितीला धक्का लावत नाहीत. डीडब्ल्यूएए, डीडब्ल्यूएबी आणि बी-४४ थोडी माहिती गाळतात. ड्रीमवर्क्स या ॲनिमेशन स्टुडिओकडून आलेला डीडब्ल्यूएए प्रकाशाच्या चॅनेलवर फाइल चांगलीच लहान करतो आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. आकड्यांच्या चॅनेलवर तो कधीच लावू नये. पीएक्सआर-२४ हे नाव फसवं आहे: हाफला ते धक्का लावत नाही, पण फुल फ्लोटला २४ बिटवर आणून ठेवतं. म्हणजे क्रिप्टोमॅट गेलं.

जागेचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. ३८४० गुणिले २१६० च्या चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके. एका रंगीत चॅनेलला हाफमध्ये ठिपक्यामागे ६ बाइट, म्हणजे न आवळता साधारण ५० एमबी. असे दहा चॅनेल घेतले तर एका फ्रेमला ५०० एमबी. दहा सेकंदांचा वॉकथ्रू, म्हणजे इमारतीतून फिरवून आणणारा व्हिडिओ, २५ फ्रेमच्या वेगाने म्हणजे २५० फ्रेम, आणि एकूण सव्वाशे जीबीच्या आसपास. झिपने यात बरीच घट होते, तरी "असू दे, सगळ्यांवर टिक मारून ठेवू" हा विचार महागात पडतो. स्थिर चित्राला मारा खुशाल. वॉकथ्रूला लाइट ग्रुप, क्रिप्टोमॅट आणि झेड एवढ्यावर बहुतेक कामं निभावतात.

एकच मल्टीलेयर फाइल ठेवायची की वेगवेगळ्या? माझा कल दोन फाइलींकडे आहे. एक प्रकाशाची, हाफ आणि डीडब्ल्यूएए किंवा झिप. दुसरी आकड्यांची, फुल आणि झिप. ब्लेंडरमध्ये यासाठी कॉम्पोझिटरमध्ये दोन फाइल आउटपुट नोड लावायचे. चॅनेल चालू होतात व्ह्यू लेयर प्रॉपर्टीजमधल्या पासेसमध्ये. आउटपुट प्रॉपर्टीजमधून सरळ ओपनईएक्सआर मल्टीलेयर निवडली तरी सगळं एका फाइलमध्ये येतं. मग क्रिप्टोमॅट घेतला असेल तर कलर डेप्थ फुल ठेवा आणि मोठी फाइल सोसा. व्ही-रेमध्ये फ्रेम बफरच्या सेटिंगमध्ये दोन वाटा असतात: सगळे चॅनेल एका ईएक्सआरमध्ये घालणारी रॉ इमेज फाइल, आणि प्रत्येकाची वेगळी फाइल करणारा सेपरेट रेंडर चॅनेल्स हा पर्याय. थ्रीडीएस मॅक्सच्या कॉमन टॅबमध्येही सेव्हचा एक वेगळा रकाना असतो. दोन्हीकडे मार्ग भरून ठेवला तर कुठली फाइल कुणी लिहिली हे शोधत बसावं लागतं. अर्नोल्डमध्ये मर्ज एओव्ही आणि हाफ प्रिसिजन या दोन टिका बघायच्या. सिनेमा फोरडीमध्ये सेव्हच्या पानावर नेहमीचं चित्र आणि मल्टी-पास यांचे रकाने वेगळे असतात, आणि दोन्हींची बिट डेप्थ स्वतंत्र. वरची बदलली म्हणून खालची बदलत नाही.

फोटोशॉपवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं: मल्टीलेयर ईएक्सआरचे सगळे थर त्यात आपसूक उघडत नाहीत, ईएक्सआर-आयओसारखं प्लगइन लागतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये एक्स्ट्रॅक्टर हा इफेक्ट आहे, पण प्रोजेक्ट ३२ बिटवर नेल्याशिवाय वरची सगळी मेहनत पाण्यात.

अल्फाबद्दल, म्हणजे पारदर्शकतेच्या चॅनेलबद्दल, थोडक्यात. ईएक्सआरमध्ये रंग आधीच पारदर्शकतेने गुणलेला असतो, पीएनजीत गुणलेला नसतो. उघडताना सॉफ्टवेअरला चुकीचं सांगितलं की झाडांच्या पानांभोवती काळी किंवा पांढरी रेघ येते, आणि वीस फुटांच्या फ्लेक्सवर ती रस्त्यापलीकडून दिसते.

वॉकथ्रू असेल तर रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये कधीही काढू नका. फ्रेमगणिक वेगळी फाइल काढा आणि नावात चार अंकी क्रमांक ठेवा. १८० व्या फ्रेमला लाईट गेली तर आधीच्या १७९ शाबूत राहतात. ब्लेंडरमध्ये ओव्हरराइट बंद असेल तर पुढचं काम तिथूनच चालू होतं. व्हिडिओ फाइल अर्धवट राहिली तर बहुतेक वेळा उघडतच नाही.

रात्रीचा रेंडर लावण्याआधी एक चाचणी करावी. रिझोल्यूशन पाव करा, एकच फ्रेम काढा, डिनॉइझ (चित्रातले दाणे पुसणारी सोय) बंद ठेवा. ती ईएक्सआर कॉम्पोझिटरमध्ये उघडून वरच्या गणिताने सगळे भाग जोडा आणि आलेलं चित्र कम्बाइन्डमधून वजा करा. उरलेलं काळंभोर दिसलं पाहिजे. एक्स्पोजर खूप वाढवूनही काळंच राहिलं तर सेटिंग बरोबर. फक्त खिडक्यांच्या काचा उजळून दिसल्या तर ट्रान्समिशनवर टिक मारायची राहिली आहे. आकाश दिसलं तर एन्व्हायर्नमेंट राहिला. सगळंच चित्र पुसट दिसत राहिलं तर कुठलातरी भाग लिनियर नाही. डिनॉइझ बंद का, तर सायकल्समध्ये तो फक्त कम्बाइन्डवर चालतो; सुटे भाग दाणेदारच राहतात, आणि मग वजाबाकीत जे दाणे दिसतात ते सेटिंगच्या चुकीचे नसतात. मग क्रिप्टोमॅटमध्ये एका भिंतीवर क्लिक करून मास्क नीट येतो का बघा, झेडमध्ये पॅरापेटवर कर्सर ठेवून अंतराचा आकडा मॉडेलशी जुळतो का बघा. जुळला की रिझोल्यूशन शंभर टक्के, डिनॉइझ चालू, आणि लावा रेंडर.